उंबर फोडून केंबरं

चौदा वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं जीवशास्त्राच्या गाईडांत गेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपोज झालेली पानं यायला लागतात. कॉलेजं उघडायच्या आत पुस्तक दुकानांत पोचायला हवं असतं, त्यामुळे मे महिन्यात दिवसाला पन्नास-साठ पानं डोळ्यांखालून जातात. तंतुकणिका, हरितलवक, केंद्रकी, अर्धसूत्री विभाजन. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, आकृतीतली नावाची रेघ नेमक्या भागाला टेकली आहे ना ते बघायचं, प्रश्नाचा आणि उत्तराचा क्रमांक जुळतो ना ते बघायचं. मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन. दहावीनंतर माझा आणि जीवशास्त्राचा संबंध एवढाच, की त्यातले शब्द मला बिनचूक लिहिता येतात.

त्या शब्दांपैकी एक होता ‘कुंभासनी’. कुंभासनी फुलोरा म्हणजे काय, असा दोन मार्कांचा प्रश्न. उत्तर साधारण सगळीकडे सारखंच: फुलांचा दांडा मांसल होऊन कुंभासारखा पोकळ होतो, त्याच्या आतल्या बाजूला एकलिंगी फुलं असतात, उदाहरणार्थ वड, पिंपळ, उंबर. हे उत्तर मी किती गाईडांत तपासलं असेल, मोजदाद नाही. ‘भा’ला काना आहे, ‘नी’ दीर्घ आहे, पुढचा प्रश्न. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच ओळीवर पेन्सिल टेकवलेली असताना मी डोळ्यांना आराम म्हणून खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या सोसायटीच्या मागे ओढा आहे आणि ओढ्याच्या काठावर उंबर आहे. खोडालाच घोसच्या घोस लागलेले. बारा वर्षं मी त्या घरात राहत होते. हातातला शब्द आणि समोरचं झाड एकच आहे, हे तोवर माझ्या मनात आलंच नव्हतं.

मला त्या क्षणी वाईट वाटलं. कामात चूक सापडते तेव्हा जसं चरचरतं, तसंच.

उंबर मला माहीत नव्हता असं कसं म्हणू? माझं आजोळ कृष्णाकाठचं, सांगलीकडचं. औदुंबर आणि नरसोबाची वाडी ही आमची घरची तीर्थं. झाडाखाली पादुका, गुरुवारी प्रदक्षिणा, झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. आजी पिकली उंबरं गोळा करायची आणि आम्हा मुलांना देण्याआधी प्रत्येक फळ दोन बोटांनी उकलून त्यावर फुंकर मारायची. आतून बारीक काळे किडे भुर्रकन उडायचे. ती त्यांना केंबरं म्हणायची. किडे नाही, चिलटं नाही, केंबरं. उंबरातच असतात ती केंबरं. भाऊबंदकीतलं जुनं काही कुणी उकरायला लागलं की तिचं ठरलेलं वाक्य असायचं, “उगाच उंबर फोडून केंबरं काढू नका.” आणि फार दिवसांनी कुणी पाहुणा दारात आला की, “काय रे, उंबराचं फूल झालास की!” उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, ते मध्यरात्री फुलतं, ज्याला दिसेल त्याचं भाग्य उजळतं, अशी गोष्टही ती सांगायची.

आता नीट पाहिलं तर त्या म्हातारीच्या दोन म्हणींत सगळा धडा होता. फूल दिसत नाही, ही एक. आत केंबरं असतात, ही दुसरी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, तेवढंच कुणी सांगितलं नव्हतं. गाईडात फूल होतं, पण केंबरं नव्हती. आजीकडे केंबरं होती आणि फूल नव्हतं.

त्या संध्याकाळी मी खाली उतरले आणि पाच-सहा लाल उंबरं घरी आणली. ओट्यावर पेपर टाकून सुरीनं मधोमध कापली. हाताशी आमच्या धंद्यातलं भिंग होतं. ऑफसेटच्या छपाईत चार रंगांचे ठिपके एकमेकांवर बरोबर बसलेत का, हे बघायला दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग वापरतात. तेच डोळ्याला लावलं. आत दिसला ओलसर, गुलाबी, तुसांचा गर, दोन-तीन मेलेली केंबरं, एक अळी आणि राखेसारखा भुगा. वाचून काढलेल्या आकृतीतलं काहीही नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढी हिरवी उंबरं कापली. पांढरा चीक बोटांना चिकटला आणि आत नुसते मऊ, फिकट ठिपके दिसले. मी आकृती पुढ्यात घेऊन बसले. आकृतीत एकाच कापलेल्या उंबरात नरफुलं होती, मादीफुलं होती, गाठफुलं होती, तोंडातून आत शिरणारा कीटक होता आणि बाहेर पडणारा कीटकही होता. मला वाटलं, माझंच काही चुकतंय, आपल्याला कापता येत नसावं.

चूक कापण्यात नव्हती, हे कळायला पुढचे सहा-आठ महिने गेले. आकृतीत सगळं एका वेळी असतं. झाडावर मात्र एकेका दिवसाला एकेक गोष्ट असते. पाठ्यपुस्तकातला कोणताही जीवनचक्राचा गोल घ्या, डासाचा, बेडकाचा, नेचाचा. बाणांनी जोडलेली ती चित्रं कागदावर शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्या मधले दिवस पुसले जातात. विद्यार्थ्याच्या हाती मात्र नेहमी एकच दिवस येतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

उंबराच्या बाबतीत हे दिवस कुणीतरी नीट वेगळे करून ठेवले आहेत, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इस्रायलचे याकोव्ह गलील आणि डॅन आयझिकोविच यांनी १९६८ मध्ये अंजीरवर्गीय फळाच्या वाढीचे पाच टप्पे मांडले. ते पाहत होते ते सायकोमोर अंजिराचं झाड आपल्या उंबराच्या अगदी जवळच्या नात्यातलं आहे, खोडावर तसेच घोस धरणारं. पहिल्या टप्प्यात उंबर कोवळं आणि बंद. दुसऱ्यात आतली मादीफुलं तयार होतात आणि टोकावरचं खवल्यांचं तोंड किलकिलं होतं. तिसरा लांबलचक, तोंड मिटलेलं, आत बी आणि अळ्या वाढतायत. चौथ्यात नरफुलं पिकतात आणि नवे कीटक बाहेर येतात. पाचव्यात फळ लाल, मऊ, गोड होतं. म्हणजे मी आणि माझी आजी, आणि पिकलं उंबर उकलणारं प्रत्येक पोर, जत्रा पांगल्यावर मैदानात जात होतो. ती उडणारी केंबरं मागे राहिलेली होती.

मग मी दोरा बांधला. पुढचा बहर आला तेव्हा, १ फेब्रुवारीला, हात पोचेल अशा उंचीवरच्या एका घोसाच्या देठाला शिवणकामातला लाल दोरा बांधला आणि वही केली. रोज सकाळी दूध आणायला जाताना दोन मिनिटं. बाकी घोसांतली उंबरं कापून बघायची, दोऱ्याच्या घोसाला फक्त डोळ्यांनी बघायचं.

पहिले दिवस काहीच नाही. त्या दिवसांच्या नोंदी ‘आहे तसंच’ एवढ्याच आहेत.

मग एका सकाळी उंबरांवर मुंगीहून बारीक काळे कीटक चालताना दिसले. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. ही केंबरं म्हणजे मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्याच गणातली. सेराटोसोलेन फुसिसेप्स हे तिचं शास्त्रीय नाव. आपल्या उंबराचं परागण करते ती हीच. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. जगात वड-पिंपळाच्या या प्रजातीत साडेसातशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेकींची स्वतःची अशी केंबरं आहेत. ही जोडी साधारण साडेसात कोटी वर्षांची जुनी असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

एक मादी तोंडाशी आली. खवले एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, दाराच्या फटीतून कागद सरकवावा इतकीच वाट. तिनं चपटं डोकं घातलं आणि ढकलायला लागली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण दूध नासेल इतका वेळ उभी होते. ती पूर्ण आत गेली तेव्हा बाहेर, खवल्यांच्या कडेला, तिचे पंख राहिले. काचेच्या कपच्यांसारखे, एक सरळ, एक वाकडा. भिंगातून बघितलं तर त्याच उंबराच्या तोंडाशी आणखीही पंख अडकलेले होते. कुणी कालची, कुणी परवाची. मिशांचे तुकडेही असतात म्हणे. मला ते तेव्हा ओळखता आले नाहीत.

आत गेलेली ती पुन्हा बाहेर येत नाही. आत अंधार, चारी बाजूंना शेकड्यांनी मादीफुलं, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. ती आपल्या छातीवरच्या दोन खिशांतून पराग काढते आणि पुढच्या पायांनी फुलांच्या कुक्षीला लावते. खिसे हे मी अलंकारानं म्हणत नाही, खरोखर खिसे असतात. हे लक्षात आलं १९६९ मध्ये, जवळपास एकाच वेळी, मध्य अमेरिकेतले विल्यम रामिरेझ आणि वर सांगितलेले गलील-आयझिकोविच यांच्या कामातून. त्याआधी कितीतरी लोकांना वाटायचं, की पराग कीटकाच्या अंगाला चुकून चिकटून जातात. पण ही चिकटवाचिकटवी नव्हे. ती पराग भरून आणते आणि मोजून लावते. मग फुलाच्या नळीतून आपली सुई घालून अंडाशयात अंडं ठेवते. जिथे नळी आखूड, तिथे सुई पोचते आणि त्या फुलाची गाठ होऊन आत अळी वाढते. जिथे नळी लांब, तिथे सहसा पोचत नाही आणि त्या फुलाचं बी होतं. काही फुलं तिच्या लेकरांना, काही झाडाच्या लेकरांना. आणि मग ती तिथेच मरते.

इथे एक शब्दाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फुलाच्या ज्या भागावर पराग पडतो, त्याला आपण मराठीत कुक्षी म्हणतो. अकरावीच्या मुलांना तो शब्द जड वाटतो, आणि मीही इतकी वर्षं त्यातला ‘क्षी’ दीर्घ आहे ना एवढंच पाहिलं. पण कुक्षी म्हणजे कूस. आजीच्या तोंडी रोजची असणारी. तिची कूस उजवली, म्हणतो ती. हा शब्द ज्यांनी ठरवला, त्यांनी फूल बघून ठरवला असणार. कुंभासनीही तसाच. घड्यात आसन घालून बसलेली फुलं. आपल्या परिभाषेवर कृत्रिम म्हणून बोट ठेवलं जातं आणि कधी ते खरंही असतं, पण या दोन शब्दांवर कुणी बोललं तर मला आता राग येतो. शब्द जड नाहीत. ते ज्याच्यावर ठेवायचे, ती वस्तू मुलांच्या हातात दिलेली नसते.

तिसरा टप्पा हा कंटाळ्याचा असेल असं मला वाटलं होतं. उंबर घट्ट, हिरवं, तोंड बंद. पण बाहेरून रहदारी सुरूच. आता आल्या त्या वेगळ्या. बारीक अंगाच्या, आणि मागे अंगापेक्षा लांब केसासारखी शेपटी. ती शेपटी म्हणजे अंडी घालायची सुई. त्या आत शिरत नाहीत, पराग आणत नाहीत. उंबराच्या भिंतीवर उभ्या राहतात, पोट कमानीसारखं वर उचलतात, आणि ती सुई सरळ भिंतीतून आत घालतात, आतल्या गाठींपर्यंत. आयत्या घरात यांची अंडी. अपोक्रिप्टा प्रजातीतली एक जात तर आतल्या दुसऱ्या अळ्यांवरच आपली अळी पोसते. केसापेक्षा बारीक सुई हिरव्या फळात मोडत कशी नाही, हा प्रश्न मला पडला होता, आणि कुणी शोधायच्या भानगडीत पडलं असेल असं वाटलं नव्हतं. पण शोधलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत लक्ष्मीनाथ कुंदनाती आणि नम्रता गुंडिया यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की या सुईच्या टोकात जस्त असतं. टोकाला करवतीसारखे दातही असतात. त्याच संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं या उंबरावर, त्याच्या केंबरांवर, ती पकडून खाणाऱ्या मुंग्यांवर, आणि केंबरांच्या अंगावर बसून एका उंबरातून दुसऱ्या उंबरात प्रवास करणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींवर काम केलं आहे. कुठल्या दूरच्या जंगलातलं झाड नाही हे. रस्त्याकडेचं आपलं उंबर.

याच दिवसांत दोऱ्याचं वेगळंच झालं. एका शुक्रवारी सकाळी गेले तर माझ्या लाल दोऱ्याला हळदकुंकू लागलेलं, शेजारच्या फांदीला आणखी दोन दोरे, बुंध्याशी उदबत्तीची राख. आदल्या दिवशी गुरुवार होता. औदुंबराला कुणी दोरा बांधला म्हणजे नवस बोलला असणार, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात नवल काय? मला संकोच वाटला. आपण कुणाची फसवणूक तर करत नाही ना, असंही वाटलं. मग वाटलं, ज्यानं तो दोरा बांधला त्यानंही काहीतरी व्हावं म्हणून वाट बघायचं ठरवलंय. मी कुणाचा दोरा हलवला नाही.

१९ मार्चच्या सकाळी दोऱ्याच्या घोसातलं एक उंबर किंचित मऊ लागलं. रंग अजून हिरवाच, थोडी पिवळसर झाक. मी ते तोडलं, मनात माफी मागितली आणि घरी आणलं.

यावेळी कापलं नाही. हलक्या हातानं दोन अर्धे केले, आजीसारखं. आत गर्दी होती. पण काळी नाही. फिकट, मधासारख्या पिवळट रंगाचे कीटक गाठींमधून सरपटत होते. पंख नाहीत, डोळे जवळपास नाहीत, शरीर लांबुळकं आणि डोकं मोठं. हे नर. यांचं सगळं आयुष्य या उंबरात. ते माद्यांच्या आधी गाठींतून बाहेर येतात आणि ज्या गाठींत अजून माद्या बंद आहेत त्या शोधत फिरतात. एक नर एका गाठीपाशी थांबला, तिला चावून छोटं भोक पाडलं, वळला, आणि पोटाचं टोक त्या भोकातून आत घातलं. आतल्या मादीनं अजून जग बघितलेलं नाही, आणि तिचं लग्न झालेलं आहे. मी भिंग खाली ठेवलं. खिडकीतून रिक्षांचे आवाज येत होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली, आणि ओट्यावरच्या त्या अर्ध्या उंबरात हे चाललेलं.

नरांचं एवढ्यावर संपत नाही. माद्यांना बाहेर जायला वाट लागते आणि तोंड तर कधीच मिटलेलं. मग नर मिळून उंबराच्या भिंतीतून बोगदा चावत नेतात. बरेचसे आतच मरतात. काही त्याच बोगद्यातून बाहेर पडतात आणि खाली वाट बघणाऱ्या मुंग्यांच्या तोंडी जातात. त्या वाटेनं माद्या जातात, जाताना पिकलेल्या नरफुलांतून पराग घेऊन खिसे भरतात. हे बोगद्याचं मला उघडलेल्या उंबरात दिसणार नव्हतं, म्हणून मी खाली जाऊन दुसरं तसंच उंबर आणलं, काचेच्या बरणीत ठेवलं आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं आणि फडक्याच्या आतल्या बाजूला काळी केंबरं. शंभरेक तरी असतील. पंख नवे, एकही कपचा उडालेला नाही.

त्यांच्याकडे वेळ जेमतेम एक-दोन दिवसांचा. एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच पिकतात, त्यामुळे त्याच झाडावर त्यांना नवं कोवळं उंबर मिळायचं नाही. दुसरं झाड हवं, आणि तेही नेमक्या दुसऱ्या टप्प्यात असलेलं. वाऱ्यावर जायचं आणि वासावरून ओळखायचं. मी बरणी घेऊन ओढ्यावर गेले, झाडाखाली फडकं सोडलं. काही केंबरं माझ्या मनगटावर उतरली आणि मग गेली. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक उंबर आहे, नदीकाठी तीन-चार. त्यांतल्या एखाद्यावर त्या दिवशी दार किलकिलं असेल का, हा विचार दिवसभर पुसता आला नाही. तेव्हापासून रस्तारुंदीत कुठे उंबर पडला की मला त्या झाडापेक्षा जास्त आठवतं ते दोन झाडांमधलं अंतर.

हे सगळं मी शेजारच्या काकूंना सांगितलं. त्या जैन आहेत, कोल्हापूरकडच्या. त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्यात पंच उदुंबर वर्ज्य असतात गं, वड-पिंपळ-उंबर सगळे. आत जीव असतात म्हणून.” श्रावकाच्या मूलगुणांत मद्य, मांस, मधाबरोबर या पाच फळांचा त्याग सांगितलेला आहे. भिंग नव्हतं तेव्हा कुणीतरी उंबर उघडून आत बघितलं होतं, आणि जे दिसलं त्याचा मान ठेवून हात मागे घेतला होता. मग त्यांनी विचारलं, पुरंदरच्या अंजिराचं काय? त्याचं उत्तर मला तोवर सापडलेलं होतं. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं पुरंदरचं अंजीर परागणाशिवायच धरतं, त्याला केंबरं लागत नाहीत. लागतात ती स्मर्ना जातीला. त्या जातीची झाडं कॅलिफोर्नियात नेली तेव्हा वर्षानुवर्षं फळंच धरली नाहीत. १८९९ मध्ये तिथे कीटक नेऊन सोडले, मग धरली. काकू म्हणाल्या, अंजीर त्या तरीही खाणार नाहीत, पण कळलं ते बरं झालं.

आमच्या भागातल्या अभ्यासिकेत आठवी-नववीची मुलं संध्याकाळी बसतात. तिथल्या ताईंनी मला विचारलं, तुम्ही एवढं बघितलंय तर चार पानं लिहून द्या, सोप्या भाषेत, उंबराची ओळख. मी हो म्हटलं आणि पहिला मसुदा एका बसणीत केला. ‘कुंभासनी फुलोरा म्हणजे’ अशी सुरुवात. दुसऱ्या दिवशी वाचला आणि माझ्याच लाल पेननं पहिलं पान आडवं खोडलं. चौदा वर्षं जे तपासलं तेच हातून उतरलं होतं. दुसऱ्या मसुद्यात गोष्ट रंगवून सांगितली, केंबरं बिचारी, उंबर चतुर, अशी. तोही खोडला. केंबरं बिचारी नाहीत. त्यांना त्यांचं काम येतं.

तिसऱ्या मसुद्यात मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘हात पोचेल असा एक कोवळा घोस निवडा आणि त्याला दोरा बांधा.’ मग पुढे टप्पे लिहिले, पण प्रत्येकात काय दिसेल यापेक्षा काय बघायचं तेवढंच. तोंडाशी पंख आहेत का? बाहेरून सुई घालणाऱ्या किती? दाबून मऊ लागतं का? केंबरं हा शब्द पहिल्या पानावर ठेवला आणि कुंभासनी तिसऱ्यावर, मुलांनी उंबर उघडून झाल्यानंतर. आकृतीही काढली. एक नाही, पाच, वेगवेगळ्या पानांवर. ताई म्हणाल्या, एका पानावर बसली असती की, झेरॉक्सचा खर्च वाचला असता. मी म्हटलं, खर्च मी देते. दोन आकृत्यांच्या मधे अर्धं पान कोरं सोडलं आणि त्यावर फक्त रेघा मारल्या, तारखांसाठी.

एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे परीक्षेला येतं का? मी खरं तेच सांगितलं, की कुंभासनीचा प्रश्न दोन मार्कांना येतो, बाकीचं येत नाही. ते थोडा वेळ पानं चाळत राहिले. म्हणाले, आमच्या गावी विहिरीवर उंबर आहे, सुट्टीत बघायला लावतो.

यंदाच्या बहरात मी दोऱ्याऐवजी सुतळीला जाड कागदाची चिठ्ठी लावली, नवसाच्या दोऱ्यांत मिसळू नये म्हणून. वर तारीख घातली आणि ‘बघण्यासाठी बांधले आहे, तोडू नये’ असं लिहिलं. पाचव्या आठवड्यात दोन दिवस ताप आला आणि माझी फेरी चुकली. तिसऱ्या दिवशी गेले तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं, शाळकरी अक्षरात, कुणीतरी लिहिलेलं होतं:

‘बुधवार. लांब शेपटीवाल्या ७. एकीची सुई अडकली होती, ती १० मिनीटं फिरत होती, मग निघाली. गुरुवार. मऊ नाही अजून.’

‘मिनिटं’मधली दुसरी वेलांटी दीर्घ पडली होती. मी ती तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, ‘शनिवार. मऊ नाही.’